ब्रेक मऊ लागतो तेव्हा

माणसाचे वय झाले म्हणजे सांधे कुरकुरतात; वाहनाचे वय झाले म्हणजे ब्रेक मऊ होतो. सांध्यांची कुरकुर जाणवते, हा मऊपणा मात्र चोरपावलांनी येतो. आज पेडल थोडे खाली जाते, महिन्याने आणखी थोडे, आणि पायाला त्याची सवय जडते. खरा धोका या सवयीतच आहे.

ब्रेकच्या मुळाशी असलेले तत्त्व ब्लेझ पास्काल (१६२३–१६६२) या श्रद्धावान फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडले. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. त्याच्या जन्माला ४०० वर्षे झाली तेव्हा, १९ जून २०२३ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी त्याच्यावर प्रेषितीय पत्र काढले होते. पायाचा दाब मास्टर सिलिंडरमधून चाकांपर्यंत जातो तो याच नियमाने. तेल दबत नाही, हवा मात्र दबते. म्हणून नळीत हवा शिरली की पेडल स्पंजासारखे लागते.

२१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले होते. दहा वर्षांनी येणाऱ्या या योगाची आमची वयोवृद्ध मावशी वाट पाहत होती. घरची जुनी जीप सज्ज झाली. पण आदल्या सायंकाळी तिचे पेडल मऊ लागले. थोरले बंधू म्हणाले, “दोनदा दाबले की लागतो ना ब्रेक? मग निघूया.” मी म्हटले, “दादा, चोर्ल्याच्या उतारावर दोनदा दाबायला सवड मिळेल काय?”

मग आम्ही क्रमाने पाहू लागलो. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल वर येऊन घट्ट लागत असेल, तर बहुधा लायनर झिजून शू आणि ड्रम यांतील अंतर वाढलेले असते. वर येऊनही ते लवचिक राहिले, तर आत हवा आहे असे समजावे. आमचे पेडल वर येई. परंतु पाय दाबून धरला की सावकाश खाली बसे. याचा अर्थ दाब कोठेतरी निसटत होता. टाकीतील तेल उणे झाले नव्हते; चाकांच्या आतील बाजू आणि रबरी नळ्या कोरड्या होत्या. तेल बाहेर जात नाही आणि दाब तर टिकत नाही, तेव्हा दोष मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी कपांतच असला पाहिजे. मिस्त्रींनी तो उघडला, तेव्हा कपांच्या कडा झिजलेल्या दिसल्या. कप बदलून, सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून त्यांनी हवा काढली. एक दिवस उशिरा का होईना, मावशीला दर्शन घडले.

ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे कोरडे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. लांब उतारावर तापलेल्या ड्रमांमुळे असे तेल उकळते, त्याची वाफ होते आणि पेडल एकाएकी तळाला जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी तेल बदलावे आणि ज्या गियरने घाट चढतो त्याच गियरने उतरावा. टाकीत इंजिनचे तेल थेंबभरही घालू नये. त्याने रबर फुगून नासते. बहुतेक जुन्या जीपगाड्यांत चारी चाकांना मिळून एकच तेलमार्ग असतो. तो एके ठिकाणी फुटला की चारही ब्रेक गेले.

आपल्या सदसद्विवेकबुद्धीचेही काहीसे असेच आहे. ती एकाएकी निकामी होत नाही; थोडी थोडी मऊ होत जाते आणि आपण ‘अजून चालते आहे’ म्हणून पुढे जातो. धर्मगुरू आपणांस रोज रात्री आत्मपरीक्षण करावयास सांगतात ते याचसाठी.

वाचकहो, येत्या रविवारी मिस्सेला निघण्यापूर्वी गाडी सपाट जागी उभी असतानाच पेडल दाबून धरा आणि सावकाश तीसपर्यंत मोजा. ते जागचे हलले नाही, तर देवाचे आभार मानून निघा. खाली बसले, तर त्या दिवशी मुलाबाळांसह पायीच मंदिराची वाट धरावी.