चिंगीचा खाऊ

पुणे

ती. आत्यास,

परवा चिंगीला तुझ्याकडे सोडून निघालो, तेव्हा तू पदराआड वाटी धरून उभी होतीस. वाटीत सुकट होती, वासावरूनच कळलं. तिथे बोललो असतो तर भांडण झालं असतं, म्हणून हे पत्र.

मांजराला 30 दात असतात. चिंगीचे 22 उरलेत. मांजरांचा दात कधी कधी आपोआप विरघळत जातो, हिरडीजवळ खड्डा पडतो. ठणका भयंकर, पण मांजर कण्हत नाही. ती तोंडातून दाणे पाडायची, मान वाकडी करून एकाच बाजूने चावायची आणि मी म्हणायचो, नखरे बघा!

दात स्वच्छ करणारी कडक बिस्किटं आणली, तर ती न चावता गिळायची आणि घटकाभरात ओकायची. चावलं तरच त्यांचा उपयोग, आणि चावायचंच तर दुखतं. सुकटीचं तेच: टोकं हिरडीला बोचतात, वर खारटपणा. दूधही नको. डोळे मिटून दूध पिणारं मांजर म्हणीत शोभतं. मोठ्या मांजराला दुधातली साखर सहसा पचत नाही आणि चिंगीला तर लगेच ढाळ लागते. पेढ्याचा कणसुद्धा नको. मांजराला गोड चव कळतच नाही, त्यामुळे तो खाऊ फक्त तुझ्या समाधानाचा.

मग द्यायचं काय? बिनहाडाचं चिकन नुसत्या पाण्यात उकड. मीठ नको, आणि कांदा-लसूण तर मुळीच नको. त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. रेषा बोटांनी सुट्या कर, त्याच पाण्यात भिजवून कोमट दे. दिवसभरात चहाचे दोन चमचे. खाऊ एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको; चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात, त्यातल्या 20 खाऊच्या. चिकन तिला सोसतं, हे एकेक पदार्थ देऊन, वाट पाहून ठरवलंय. म्हणून या पंधरवड्यात दुसरं काही नवीन काढू नकोस.

आणखी एक. पोट बिघडलं की आपल्याकडे लंघन करतात. मांजराला ते मानवत नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठू लागते. दिवसभर तिने कशालाच तोंड लावलं नाही, तर मला फोन कर आणि डॉक्टरांना दाखव.

हे सगळं तुला जड जाणार नाही. आजोबांचे दात गेले, तेव्हा तू भाकरी आमटीत कुस्करून द्यायचीस आणि त्यांचं ताट रिकामं होईपर्यंत शेजारी बसायचीस. कडक भाकरी वाढणं म्हणजे माया, असं तुला तेव्हा कधी वाटलं नाही.

सुकट माझ्यासाठी ठेव. माझे दात शाबूत आहेत.

तुझा,
अवी