पोच्यास अनावृत पत्र

प्रिय पोच्या,

धडकाधडकीच्या व्हिडिओ गेममध्ये तू आधीपासून होतास; पण शर्यतीच्या नामांकित गेमने तुला बरीच वर्षं उंबऱ्याबाहेर ठेवलं. १९९७ साली आलेला ‘ग्रॅन टुरिस्मो’ खऱ्या ड्रायव्हिंगच्या बढाया मारायचा, आणि ताशी दोनशेने कठड्यावर आदळलं तरी रंगाचा टवकासुद्धा उडायचा नाही. त्या मालिकेत तुला प्रवेश मिळाला थेट २०१० साली, पाचव्या भागात. गाडीकंपन्यांना आपली गाडी पडद्यावर मिरवायची असते, चेपलेली दाखवायची नसते. ‘बर्नआउट’ने काल्पनिक गाड्या घेतल्या आणि तुझी दिवाळी साजरी केली. पण तीही आतषबाजीच.

तू खरा भेटलास तो जर्मनीत तयार झालेल्या ‘बीमएनजी ड्राइव्ह’मध्ये. तिथली गाडी म्हणजे शेकडो बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या दांड्यांची जाळी. जोर कमी असेल तर दांडी लवते, वाढला की वाकते, फारच झाला की तुटते. हा हिशेब सेकंदाला सुमारे २,००० वेळा चालतो. साठच्या वेगात मी भिंतीला भिडलो. बॉनेटची घडी झाली, रेडिएटर फुटला, पण गाडी चालू! मी खूश. थोडं पुढे गेलो तर स्टिअरिंग डावीकडे ओढतंय, तापमानाचा काटा लाल पट्ट्यात, नाकातून वाफा. मग इंजिनच जाम.

तुला बघितलं की आमच्याकडे ठरलेलं वाक्य येतं: ‘हल्लीचा पत्राच पातळ, पूर्वीच्या गाड्या कशा रणगाडे!’ मीही म्हणायचो. रिप्लेमध्ये तुला सावकाश बघितलं आणि गप्प झालो. गाडीचं नाक आत आत जात होतं, आणि त्यामागचे खांब, दारं, छत जागचं हललं नव्हतं. नाकाने मुद्दाम चेपायचं आणि माणसं बसतात तो भाग टिकवायचा, ही युक्ती मर्सिडीजने १९५९ सालीच रस्त्यावर आणली होती. म्हणजे तू पत्र्याची नाचक्की नाहीस; धक्का अंगावर घेणारा आहेस. हे मला गॅरेजने नाही, गेमने शिकवलं.

एकच खटकलं. कॅमेरा काचेशी नेला, तर ड्रायव्हरची सीट रिकामी. ज्याच्यासाठी तू पुढे झालास, तोच आत नव्हता.

तुझा,
एक कळ दाबून तुला पुसून टाकणारा