तुम्ही काय करता?

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत बहिणीचा मुलगा पुण्याहून सोलापूरला आला, तेव्हा त्याच्या बॅगेत कपडे कमी आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. आत चित्रं कसली, तर चिखल, कवट्या आणि किडक्या दातांची माणसं. अम्मीनं दोन पानं उलटली आणि पुस्तक लांब सरकवलं. "ये क्या शैतानी किताब उठाके लाया रे?"

"खेल है नानी," भाचा म्हणाला.

खेळाचं नाव वॉरहॅमर फँटसी रोलप्ले. १९८६ साली इंग्लंडमध्ये निघाला. त्याच्या बारा वर्षं आधी, १९७४ मध्ये, अमेरिकेत डंजन्स अँड ड्रॅगन्स आला होता. त्यात शूर योद्धे आणि जादूगार खजिना शोधत फिरतात. हा इंग्लिश खेळ त्याच्या अगदी उलट आहे. जुन्या जर्मनीसारखं एक साम्राज्य. राजे भांडतात, गटारं तुंबतात, रोग पसरतात आणि केऑस नावाची एक काळी शक्ती माणसाच्या देहात आणि मनात हळूहळू शिरते. ना पट, ना सोंगट्या. एक जण गेममास्टर होऊन गोष्ट सांगतो, प्रसंग उभा करतो आणि समोरच्याला विचारतो, "तुम्ही काय करता?" आपण सांगायचं. जमलं की फसलं, ते फाशांवर ठरतं.

फाशांचं नाव निघालं आणि अम्मीनं तसबीह खाली ठेवली. नर्दबद्दलची हदीस तिला पाठ आहे. पैसे लावायचे नाहीत, हे सांगूनही उपयोग झाला नाही. "पासे मेरे घर में नक्को." आता एक ते शंभर आकडे कसे काढायचे? माझ्यातला मास्तर जागा झाला. शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या केल्या आणि बांगड्यांच्या जुन्या डब्यात टाकल्या. एक चिठ्ठी दशकाची, ती परत टाकून दुसरी एककाची. माझं कौशल्य ३४ असेल तर ३४ किंवा त्याखालचा आकडा आला पाहिजे. चिठ्ठ्या आणि फासे यांत शरियतच्या दृष्टीनं काय फरक, हे मी कुठल्या मौलानांना विचारलं नाही. अम्मीचं समाधान झालं, तेवढं मला पुरलं.

रोज इशाच्या नमाजनंतर आम्ही चौघं बसायचो. भाचा, मी आणि त्याचे दोन मित्र. त्यातला एक मराठी शाळेतला, म्हणून खेळ मराठीत चालला. पहिल्या रात्री प्रत्येकाचा पेशा चिठ्ठीनं ठरला. एकाला नावाडी, दुसऱ्याला पहारेकरी. मी बी.एड. झालेला, पंधरा वर्षं उर्दू शिकवणारा माणूस. मला वाटलं, विद्वान नाहीतर वैद्य तरी मिळेल. मी निघालो उंदीर पकडणारा. सामान म्हणजे एक गोफण, एक पोतं आणि एक लहान पण चावरा कुत्रा. कुत्रा मी कल्पिलेला नाही, पुस्तकातच तसा लिहून दिलेला आहे. पोरं पोट धरून हसली.

मला मात्र अब्बा आठवले. अब्बा पॉवरलूमवर रात्रपाळी करायचे आणि सुट्टीच्या दिवशी आम्हाला अमर अय्यारच्या गोष्टी सांगायचे. तिलिस्म-ए-होशरुबा लखनौच्या नवलकिशोर प्रेसनं १८८३ पासून छापायला घेतली. तिचे भलेमोठे खंड अब्बांनी कधी पाहिले नसावेत. भाड्याच्या वाचनालयातली मुलांची पातळ पुस्तकं, तेवढाच त्यांचा आधार. पण अमरची झंबील त्यांच्या तोंडून अशी उघडायची, की तिच्यातून शहरंच्या शहरं बाहेर पडावीत. अमर कधी हरत नाही. अफरासियाब कितीही मोठा जादूगार असो, तो समोर उभा आहे आणि आपण या बाजूला, हे पक्कं असतं. दास्तानमध्ये हमजाला कधी हगवण लागत नाही. या खेळात लागते. जखम साफ केली नाही तर ती चिघळते. मार जास्त झाला की तो डोक्याला, हाताला की पायाला, हे वेगळं ठरतं आणि तुटलेलं बोट तुटलेलंच राहतं. मागावर अब्बांचं एक बोट असंच गेलं होतं. माझ्या पोत्यात झंबील नव्हती आणि त्या उंदीर पकडणाऱ्याची मला कीव येण्याऐवजी माया वाटू लागली.

तिसऱ्या रात्री भाच्यानं एक सराय उभी केली. तिथं भांडी घासणारी एक म्हातारी. तिच्या हाताला बोटं सहा. गावात जनावरं मरत होती. कुणीतरी म्हणालं, हा केऑसचा डाग आहे. मशाली घेऊन माणसं दाराशी आली. म्हातारी तळघरात लपली होती आणि हे फक्त मला ठाऊक होतं, कारण तिथले उंदीर मीच मारले होते. तळघरातून गटाराचा रस्ता नदीकडे जातो, हेही मलाच ठाऊक. पहारेकरी झालेला पोरगा दाराला पाठ लावून उभा राहिला. नावाड्यानं नाव तयार ठेवतो म्हणून सांगितलं.

जमावाचा म्होरक्या माझ्याकडे वळला. भाचा म्हणाला, "मामू, तुम्ही काय करता?"

मी म्हणालो, "तळघरात आहे."

का म्हणालो? माझ्याकडे नशिबाचा एकच गुण उरला होता, तो खर्चला असता तर पुढच्या वेळी मरणातून वाचवणारं काही नव्हतं. कुत्रा जखमी होता. हिशेब बरोबर होता. पोरं काही वेळ बोललीच नाहीत. मराठी शाळेतला मुलगा हळूच म्हणाला, "सर, चिठ्ठी तरी काढायची होती."

आता जे लिहितो आहे ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. २०२३ मध्ये बार्शीहून एस.टी.नं येत होतो. माझ्या पुढच्या बाकावर एक दाढीवाले बुजुर्ग, डोक्यावर टोपी, मांडीवर कापडी पिशवी. तीन-चार तरुणांनी विचारायला सुरुवात केली, "चाचा, डब्यात काय आहे?" त्यांनी डबा उघडून दाखवला. ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याचं भरीत. हसू थांबलं नाही. "अजून खाली बघा." मी दाढी ठेवत नाही, हातात मराठी पेपर होता. त्यांतला एक जण मला अदबीनं म्हणाला, "सर, जरा सरकता का? तुम्ही काय करता?"

"शिक्षक आहे."

"कुठं?"

"हायस्कूलला." उर्दू हा शब्द मी गिळला.

बुजुर्ग पुढच्याच थांब्यावर उतरले. ते गाव त्यांचं नव्हतं, कारण कंडक्टरकडून सोलापूरचं तिकीट घेताना मी ऐकलं होतं. मी खिडकीतून पाहिलं नाही. पेपरातलं एक पान मी सोलापूर येईपर्यंत उलटलं नाही.

बी.एड.ला आम्हाला भूमिकाभिनय ही अध्यापन पद्धत होती. मी शिवाजी महाराजांच्या दरबारातला वकील झालो होतो आणि परीक्षकांनी चांगले गुण दिले होते. दरवर्षी नववीच्या वर्गात मी अन्यायाविरुद्ध बोलण्यावर मुलांकडून निबंध लिहून घेतो. लाल शाईनं शेरेही देतो.

त्या रात्री खेळ आवरल्यावर मी भाच्याला म्हणालो, "माझ्या कागदावर कलंकाचा एक गुण लिही." या खेळात तशी सोय आहे. फसलेला प्रयत्न पुन्हा करायचा असेल तर खेळाडू आपणहून एक कलंक पत्करू शकतो. कलंक वाढत गेले की शरीर नाहीतर मन बिघडतं.

"तुम्ही तर प्रयत्नच नाही केला मामू," भाचा म्हणाला. "आणि खेळ आहे. सोडा."

तो झोपल्यावर मीच पेन्सिलनं लिहिला.

सुट्टी संपली, पोरं पुण्याला गेली. तो कागद मी पाठ टाचणाच्या वहीत ठेवला आहे. परवा भाच्याचा फोन आला. मे महिन्यात येतो म्हणाला, नवा माणूस बनवायचा की जुनाच चालवायचा, विचारत होता.

"जुनाच," मी म्हणालो. "आणि ती म्हातारी? तिचं काय झालं, ते तू सांगितलंच नाहीस."

"तुम्ही विचारलंच नव्हतं," तो म्हणाला.