११,९०४ युरो

जर्मनीचा विद्यार्थी-व्हिसा हवा असेल, तर वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे तिथल्या ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधीच भरून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. मुलगा तिथे पोहोचला की दरमहा ९९२ युरो त्याच्या हाती पडतात, त्याहून जास्त काढता येत नाहीत. २०२५च्या जूनमध्ये माझ्या भाच्याला आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि सांगलीच्या ताई-दाजींना हे पैसे पाठवायचे होते. युरो तेव्हा शंभर रुपयांच्या वर गेला होता. म्हणजे सरळ बारा लाखांचा मामला.

दाजी शाळेत मुख्याध्यापक. दोन मुदत ठेवी मोडून आणि पीएफमधून काही रक्कम काढून त्यांनी पैसे उभे केले होते. एका वहीत त्यांनी पानभर रकाने आखले आणि जातील तिथे एकच प्रश्न विचारायचं ठरवलं. ‘११,९०४ युरो एकही सेंट कमी न होता पोहोचायला हवेत, तर माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?’ मी तेव्हा सांगलीतच होतो, त्यामुळे या फेऱ्यांना त्यांच्याबरोबर गेलो.

घराजवळच्या बँकेच्या शाखेत परकीय चलनाचं काम होत नव्हतं. अर्ज इथे घ्यायचा आणि मोठ्या शाखेकडे पाठवायचा, अशी पद्धत. तिथल्या बाईंनी संगणकावर त्या सकाळचा कार्ड रेट पाहून सांगितला: एका युरोला १०२ रुपये ६० पैसे. फोनवर त्याच वेळी बाजारभाव १००.४० दिसत होता. दोन रुपये वीस पैशांचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. दाजींनी तिथल्या तिथे गुणाकार केला, तो २६ हजारांच्या वर गेला.

बाहेर पैसे पाठवण्याचा खरा खर्च असा दरात दडलेला असतो. बँका आपसात ज्या भावाने चलनाची देवघेव करतात, तो भाव दिवसभर हलत असतो. एफबीआयएल ही संस्था कामाच्या दर दिवशी दुपारी डॉलर, युरो, पौंड आणि येन यांचे संदर्भ दर जाहीर करते. जुलै २०१८पर्यंत हे काम रिझर्व्ह बँक करत असे. ग्राहकाला मात्र बँकेचा ‘टीटी सेलिंग’ दर लागतो आणि त्यात बँकेचा नफा धरलेला असतो. पावतीवर तो वेगळा छापला जात नाही. छापलं जातं ते पाचशे-हजाराचं शुल्क, आणि माणसं त्याच शुल्कावरून घासाघीस करत बसतात.

दुसरी चौकशी भाच्याने सुचवलेल्या ऑनलाइन कंपनीकडे झाली. ‘शुल्क शून्य’ असं तिथे ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. दर होता १०१.९०.

मग दाजी पहिल्याच बँकेच्या मोठ्या शाखेत गेले. परकीय चलन विभागातल्या अधिकाऱ्याला त्यांनी वहीचं पान दाखवलं आणि म्हणाले, “साहेब, माझं खातं तुमच्याकडे बावीस वर्षं आहे. रक्कम बारा लाखांची आहे. कार्ड रेट नको, ट्रेझरीला विचारून दर द्या.” अधिकाऱ्यांनी मुंबईला फोन लावला. पाच-सात मिनिटांत उत्तर आलं: १००.९५. लगेच होकार दिला तरच हा दर मिळणार होता, कारण बाजार हलला की दरही हलतो. दाजींनी खात्यात पैसे आधीच तयार ठेवले होते. त्यांनी तिथेच ‘करा’ म्हणून सांगितलं.

हिशेब असा झाला. युरोची किंमत १२,०१,७०९ रुपये. बँकेचं शुल्क १,००० रुपये, परदेशी बँकांच्या शुल्कापोटी १,५०० रुपये आणि या दोन्हींवर जीएसटी ४५० रुपये. चलन बदलण्यावर वेगळा जीएसटी असतो. तो पूर्ण रकमेवर नसतो. १० लाखांपुढच्या व्यवहारात ५,५०० रुपये अधिक १० लाखांवरच्या रकमेचा ०.१ टक्का एवढंच सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के लावतात. तो आला १,०२६ रुपये. सगळं मिळून १२,०५,६८५. कार्ड रेटने हाच आकडा १२ लाख २५ हजारांवर गेला असता आणि ‘शुल्क शून्य’वाल्यांकडे १२ लाख १४ हजारांवर. त्याच बँकेत, त्याच दिवशी, एका फोनमुळे साडेएकोणीस हजार रुपये वाचले. आखेनसारख्या गावात पोरगा त्यात काही आठवडे जेवला असता.

परदेशी बँकांच्या शुल्काचे ते दीड हजार वाचवायचा मोह आवरायला हवा. पैसे स्विफ्टने जाताना वाटेत मधली बँक लागू शकते आणि ती आपलं शुल्क मूळ रकमेतून कापून घेऊ शकते. अर्जावर हे शुल्क कोण भरणार, यासाठी एक चौकट असते. तिथे ‘अवर’ लिहिलं की भार पाठवणाऱ्यावर येतो आणि पलीकडे पूर्ण रक्कम पोहोचते. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वीस युरो जरी कमी जमा झाले, तरी व्हिसासाठी लागणारं प्रमाणपत्र अडतं आणि ते वीस युरो पाठवायला पुन्हा सगळा खर्च होतो.

अर्ज भरायला भाचाही आला होता. जर्मनीचा आयबॅन २२ अक्षरांचा असतो. भाचा चार-चार आकडे मोठ्याने वाचत होता, दाजी लिहीत होते आणि लिहून झाल्यावर त्यांनी तो उलट वाचून दाखवला. खात्याचा संदर्भ क्रमांक संदेशाच्या रकान्यात, नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणे. ए-२ अर्जावर कारणाचा कोड एस०३०५, म्हणजे शिक्षणासाठीचा प्रवास. त्यात फी आणि राहण्याचा खर्चही येतो.

हा कोड करासाठीही महत्त्वाचा होता. एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने वसूल करायचा कर, नव्हता. त्यापुढे तेव्हा स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी पाठवलं तर ५ टक्के, गुंतवणूक किंवा भेट म्हणून पाठवलं तर २० टक्के आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलं तर काहीच नाही. दाजींच्या खात्यातून १०,०८५ रुपये टीसीएस गेला. ही रक्कम खर्चात धरायची नसते. ती आयकर खात्याच्या नोंदीत आपल्या पॅनवर जमा दिसते आणि आयकरातून वजा होते. पगारदारांना विवरणपत्र भरेपर्यंत थांबावंही लागत नाही. दाजींनी १२बीएए हा अर्ज कार्यालयात दिला आणि पुढच्या पगारांतली करकपात तेवढी कमी झाली.

एका ओळखीच्या गृहस्थांनी मध्येच सुचवलं होतं की इथे रोख द्या, तिथे युरो मिळतील. दाजींनी हात जोडले. असा व्यवहार म्हणजे फेमा कायद्याचं उल्लंघन आहे आणि दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जातो. सरळ मार्ग इतका मोकळा असताना त्या वाटेला जायचं कारणच नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने उदारीकृत प्रेषण योजना आणली तेव्हा मर्यादा वर्षाला २५ हजार डॉलर होती. आज ती माणशी अडीच लाख डॉलर आहे.

अमेरिकेला पैसे पाठवणाऱ्यांना तर आणखी एक सोय आहे. क्लिअरिंग कॉर्पोरेशनने ऑगस्ट २०१९ मध्ये ‘एफएक्स-रिटेल’ हे व्यासपीठ सुरू केलं. तिथे सामान्य ग्राहक नोंदणी करून बाजारभावाने डॉलर घेऊ शकतो आणि बँकेने आपला आकार आधीच सांगायचा असतो. दाजींना युरो हवे असल्याने ते कामाचं नव्हतं, पण डॉलर हवे असलेल्या प्रत्येक पालकाने आपल्या बँकेत त्याबद्दल विचारायला हवं.

युरोपीय संघाने एप्रिल २०२० पासून कार्डावरच्या चलनबदलासाठी नियमच केला. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरावर किती टक्के जास्त घेतले, ते ग्राहकाला सांगावं लागतं. आपल्याकडे संदर्भ दर रोज दुपारी जाहीर होतोच. त्याच्याहून किती जास्त घेतले, एवढी एक ओळ बँकांनी प्रत्येक पावतीवर छापावी. ठेवी मोडून पोराला शिकायला पाठवणाऱ्या आईबापांना तो हिशेब मिळायलाच हवा, आणि त्यासाठी त्यांना वही घेऊन तीन दारं फिरायला लागू नयेत.