प्रागचा टपटपणारा पारा

आज आपल्याला प्रागला जायचंय. झेक प्रजासत्ताकाची ही राजधानी व्ल्टाव्हा नदीच्या दोन्ही काठांवर वसलेली आहे. नदीवरच्या चार्ल्स पुलाचं बांधकाम १३५७ साली सुरू झालं. प्रवासी पुलावर फोटो काढतात, किल्ला बघतात आणि परततात. आपण मात्र उजव्या काठाने दक्षिणेकडे चालत राहायचं. पाय दुखू लागले, की विशेह्राद नावाची टेकडी येते. तिथल्या दफनभूमीत संगीतकार द्वोर्झाक आहेत. 'रोबो' हा शब्द आपल्या नाटकातून जगभर पोचवणारे कारेल चापेक आहेत. आणि त्यांच्याच सोबतीला आहेत रसायनशास्त्रज्ञ यारोस्लाव्ह हेइरोव्स्की.

त्यांना भेटायला एवढी पायपीट कशाला? सांगतो!

आजारपणात तुम्ही कॅप्सूल गिळली असेलच. पाकिटावर '२५० मिलिग्रॅम' असं छापलेलं असतं. पण आत तेवढंच औषध आहे, हे कशावरून? कॅप्सूलमध्ये औषधाबरोबर स्टार्चसारखी निरुपद्रवी भुकटीही असू शकते. औषध कमी भरलं तर आजार हटणार नाही. जास्त झालं तर अपाय! क्लोरॅम्फेनिकॉलचंच बघा. विषमज्वरावर अनेक वर्षं वापरलेलं हे औषध, पण रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला त्यापासून धोका असतो. इथे अंदाजपंचे करून कसं चालेल?

हेइरोव्स्की १८९० साली प्रागमध्येच जन्मले. पहिल्या महायुद्धात ते लष्करी इस्पितळात औषधं तयार करून देत. १९१८ मध्ये डॉक्टरेटच्या परीक्षेत प्राध्यापक कुचेरांनी त्यांना टपटपणाऱ्या पाऱ्याबद्दल प्रश्न विचारला. तो काही त्यांच्या डोक्यातून जाईना! केसाएवढ्या भोकाच्या काचनळीतून पारा सोडायचा, थेंब गोळा करायचे, वजन करायचं. मोठं चिकाटीचं काम. अखेर १९२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी थेंबांच्या वजनाऐवजी विजेचा प्रवाह मोजला, आणि वाट सापडली.

युक्ती अशी. कॅप्सूलमधली भुकटी क्षार घातलेल्या पाण्यात ढवळायची. त्यात पाऱ्याचे थेंब सोडत विजेचा दाब हळूहळू वाढवायचा. ठरावीक दाबाला क्लोरॅम्फेनिकॉलचे रेणू थेंबाकडून इलेक्ट्रॉन घेऊ लागतात. प्रवाह एकदम वाढतो आणि आलेखावर पायरी उमटते. पायरी कुठे आली, यावरून पदार्थ ओळखायचा. ती किती उंच, यावरून त्याचं प्रमाण. मोजून घेतलेल्या शुद्ध औषधाच्या पायरीशी तुलना केली, की झालं! स्टार्च बिचारा इलेक्ट्रॉन घेत नाही, त्यामुळे मध्ये लुडबुडतही नाही. शिवाय प्रत्येक थेंब नवा, म्हणजे दरवेळी कोरी पाटी!

पुढे जपानच्या मासुझो शिकाता यांच्याबरोबर त्यांनी हा आलेख आपोआप काढणारं यंत्र बनवलं. तासाभराचं काम काही मिनिटांत होऊ लागलं. १९५९ साली हेइरोव्स्कींना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. प्रागमध्ये त्यांच्या नावाची संशोधन संस्थाही आहे.

पारा विषारी असतो, म्हणून आता पुष्कळ प्रयोगशाळा त्याऐवजी कार्बनच्या कांड्या वापरतात. कल्पना मात्र तीच. (घरातला जुना थर्मामीटर फुटला, तर पाऱ्याला हात लावू नका हं! मोठ्यांना हाक मारा.)

आणि पुढच्या वेळी कॅप्सूल घेण्याआधी पाकिटावरचा आकडा जरूर वाचा. आईबाबांनाही वाचायला लावा. तो आकडा खरा ठरावा म्हणून कुणीतरी थेंब-थेंब मोजत बसलं होतं!