पोथी आणि पोड

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात ‘लीळाचरित्र’ शिकविले जाते, तेव्हा हा ग्रंथ अभ्यासकांच्या हाताशी सदैव होताच, अशा समजुतीने विद्यार्थी तो उघडतो. वस्तुतः तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी सिद्ध केलेले हे गद्य विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांना जवळजवळ अपरिचित होते. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून मठामठांतून जपले. वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या पिढीला त्या लिपींची किल्ली गवसली आणि मराठी गद्याचा इतिहास काही शतके मागे सरकला.

या शोधकार्यात यवतमाळचा वाटा मोठा आहे. यशवंत खुशाल देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ 1925 मध्ये प्रसिद्ध झाला. नागपूर विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा अवघी दोन वर्षे झाली होती, आणि यवतमाळात तर विद्यापीठीय मराठी विभाग असण्याचा प्रश्नच नव्हता. देशपांडे यांनी शारदाश्रमाच्या आश्रयाने हस्तलिखितांचा संग्रह आणि अभ्यास आरंभिला. महदंबेच्या धवळ्यांकडे आद्य मराठी कवयित्रीची रचना म्हणून अभ्यासकांचे लक्ष वेधले. ज्याला आज ‘क्षेत्रीय संशोधन’ म्हटले जाते, ते जिल्ह्याच्या या गावात विद्यापीठीय चौकटीबाहेर उभे राहिले.

या घटनेला ‘शोध’ म्हणताना एक गोष्ट मात्र नजरेआड होते. पोथी हरवलेली नव्हतीच. मठातील महंताला ती ठाऊक होती, तिचे नित्य पठण होत होते, तिच्या बांधणीचे वस्त्र वेळोवेळी बदलले जात होते. ती अज्ञात होती ती केवळ विद्वानांना. म्हणून महानुभाव वाङ्मयाच्या शोधाची खरी कथा लिपीच्या उकलीपुरती मर्यादित राहत नाही. ज्याने पोथी राखली त्याने परक्या माणसासमोर ती सोडली, ही त्या कथेतील अधिक मोलाची बाब होय. संशोधकाच्या विद्वत्तेइतकाच राखणदाराचा विश्वास या इतिहासाचा कर्ता आहे.

1 मे 1983 रोजी अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले आणि यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये नागपूरऐवजी त्याच्याशी जोडली गेली. आज संत गाडगे बाबांचे नाव धारण करणाऱ्या या विद्यापीठाचा परिसर अमरावतीलगतच्या टेकड्यांच्या कुशीत आहे. नेरमार्गे एस.टी.ने येणारा यवतमाळचा विद्यार्थी येथे प्रथमच अनेक गोष्टी अनुभवतो. ग्रंथालयात एकाच विषयावरची परस्परविरोधी पुस्तके शेजारी शेजारी उभी असतात. चर्चासत्रात आपले म्हणणे कोणीतरी खोडून काढते आणि नंतर त्याच्याच सोबत चहा घ्यावा लागतो. मार्गदर्शकाने आराखड्याच्या समासात काढलेले एक प्रश्नचिन्ह आठवडाभर झोप उडविते. एकाकी व्यासंगाला जे सहसा लाभत नाही ते विद्यापीठ देते: आपले अनुमान दुसऱ्याच्या कसोटीवर उतरविण्याची सक्ती आणि संगत.

परंतु याच परिसरात असाही एक विद्यार्थी असू शकतो की ज्याची पोथी कोणी मागत नाही. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या तालुक्यांत कोलामांच्या वस्त्या आहेत. त्यांना ‘पोड’ म्हणतात. अशा पोडावरून आलेला मुलगा वर्गात प्रमाण मराठी बोलतो, खोलीतील सोबत्यांशी वऱ्हाडीत हसतो-भांडतो, आणि रात्री वसतिगृहाच्या व्हरांड्यात आईशी फोनवर बोलताना आवाज उतरवून कोलामीकडे वळतो. कोणी जवळ आले की वाक्य अर्ध्यातच वऱ्हाडी होते. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी तो एखाद्या प्रतिष्ठित कादंबरीकाराची निवड करतो. त्याला कोणी मनाई केलेली नसते. आपल्या घरची भाषा हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

ही कोलामी काही मराठीची बोली नव्हे, गोंडीचीही नव्हे. ती मध्य द्राविडी शाखेची स्वतंत्र भाषा आहे. तिचे चारपर्यंतचे अंक तिचे स्वतःचे, तर पाचपासून पुढे तेलुगूचा ठसा दिसतो. एवढ्या एका तपशिलातही शेजाराचा मोठा इतिहास साठलेला आहे. मराठी वाचकाला इतिहासकार म्हणून परिचित असलेल्या सेतुमाधवराव पगडी यांनी 1950 मध्ये या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ 1955 मध्ये आला. 2011 च्या जनगणनेत कोलामी ही मातृभाषा सांगणारे सव्वा लाखाहून अधिक लोक नोंदले गेले. म्हणजे भाषा जिवंत आहे, तिचे शास्त्रही निर्माण झाले आहे. परंतु या दोन्ही ग्रंथांचे कर्ते बाहेरून आलेले होते. भाषा बोलणारा माणूस अशा अभ्यासात बहुधा ‘निवेदक’ म्हणून येतो: तो उत्तरे देतो, प्रश्न मात्र दुसऱ्याचे असतात.

पोडावरचा विद्यार्थी विभागात आला की हे नाते प्रथमच पालटू शकते. वऱ्हाडीने कोलामीकडून काय घेतले, कोलामीने मराठीकडून काय स्वीकारले, पोडावरील गीतांत कोणती भाषा कोणत्या प्रसंगी येते, हे प्रश्न मराठी विभागाच्या कक्षेबाहेरचे मानण्याचे कारण नाही. भाषाशास्त्राचा सहमार्गदर्शक मिळविणे, ध्वनिमुद्रणे विभागाच्या संग्रहात नीट नोंदवून ठेवणे, मौखिक परीक्षेला ती भाषा जाणणारा वडीलधारा माणूस निमंत्रित करणे, ही कामे अशक्य कोटीतील नाहीत. मात्र मठाने जसे काही काळ आपले ग्रंथ झाकून ठेवले, तसे पोडालाही काही गोष्टी न सांगण्याचा अधिकार आहे, हे पथ्य प्रथम पाळावे लागेल. तो विद्यार्थी स्वतः हे पथ्य इतरांपेक्षा अधिक जाणतो.

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. म्हाइंभटांच्या रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले. एकेकाळी सांकेतिक लिपीत झाकलेल्या वाङ्मयाच्या वाट्याला हे भाग्य आले, याचा आनंद रास्त आहे. त्या आनंदाच्या दिवसांत यवतमाळच्या एखाद्या महाविद्यालयातील प्राध्यापकाने आपल्या वर्गातील मुलांना घरी कोणती भाषा बोलता, एवढे विचारले, आणि मिळालेले उत्तर हजेरीपटाच्या मागच्या पानावर का होईना, टिपून ठेवले, तर पुढच्या अभ्यासाची पहिली नोंद तीच ठरेल.