पिंपातलं इंजिन

शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावाहून ग्वाल्हेरला मामांकडे जायचो. मामांचं घर लष्कर भागात. शिंदे सरकारांच्या काळात उत्तरेत गेलेल्या मराठी घरांपैकी ते एक. शहरापासून वीसेक किलोमीटरवर सांक नदीवर तिघरा धरण आहे, १९१६ सालचं, विश्वेश्वरय्यांच्या स्वयंचलित दरवाजांमुळे नावाजलेलं. तिथल्या बोटींची इंजिनं मामा दुरुस्त करायचे.

अंगणात पाण्याने भरलेलं पिंप असे. त्याच्या काठाला फळी बांधून मामा छोटं इंजिन अडकवायचे, खालचा भाग पाण्यात बुडवायचे आणि दोरी ओढायचे. मी धुराकडे बघत बसायचो. मामा ओरडायचे, "भाचेबुवा, धूर काय बघतोस? धार बघ, धार!"

इंजिनाच्या बाजूने पाण्याची बारीक धार उडते. आतला पंप पाणी खेचून इंजिन थंड ठेवतो आहे, याची ती खूण. धार थांबली की इंजिन ताबडतोब बंद करायचं. पंपात रबरी पाकळ्यांची चकती असते. ती कोरडी फिरली तर लगेच खराब होते आणि उन्हाळ्यात तलाव आटला की गाळाने झिजते. मग मामा गिअरचं तेल बशीत काढायचे. तेल दुधाळ दिसलं तर सील गळून पाणी आत शिरलंय, असं समजायचं. पंख्याच्या दांड्याला तंगूस गुंडाळला असेल तर तोच सील कापतो, म्हणून पंखाही काढून बघायचे. शेवटी पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचे. "चालून झिजतं थोडं, पडून सडतं जास्त," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

२००५ च्या महापुरानंतर आमच्या आळीने वर्गणी काढून जुनी बोट आणि इंजिन घेतलं. देखभाल माझ्याकडे आली. "महिन्यातून एकदा पिंपात चालव," मामांनी फोनवर बजावलं. दोन वर्षं चालवलं. पुढे मोठं पाणी आलं नाही आणि मीही विसरलो.

ऑगस्ट २०१९ मध्ये एका रात्री पाणी आळीत शिरलं. दोरी ओढून हाताला फोड आले, इंजिन हूं की चूं करेना. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून डिंकासारखं झालं होतं. वल्ही मारून बघितली, पण पाण्याच्या ओढीपुढे काही चालेना. अर्ध्या वाटेतून परत फिरलो. पलीकडच्या दम्याच्या काकू रात्रभर पावसात गच्चीवर बसून होत्या. पहाटे जवानांच्या बोटीने त्यांना काढलं. त्या वाचल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

मामा आता नाहीत. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या अंगणात पिंप भरतं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. म्हणून जुनं पेट्रोल टाकीत ठेवत नाही. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं, तेव्हा तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं. पहिल्या फेरीत काकूंना आणलं.

परवाच्या रविवारीही काकूंनी तुळशीला पाणी घालता घालता विचारलं, "लागलं का रे?"

"लागलं, काकू. धारही चांगली आहे."